‘ऑफन’ आणि हरवलेला ‘टी’

‘ऑफन’ म्हणजे ‘नेहमी’ हा इंग्रजी शिकणाऱ्यांत रूढ असलेला अर्थ बरोबर नाही. ‘नेहमी’त अपवादाला जागा नसते, ‘ऑफन’मध्ये ती असते, आणि किती वेळा म्हणजे ‘ऑफन’ हे अपेक्षेवर ठरते. महिन्यातून दोनदा ताप येणाऱ्यास तो वारंवार येतो असे म्हणता येईल, पण महिन्यातून दोनदा अंघोळ करणाऱ्याविषयी तसे कोणी म्हणणार नाही. नियमितपणा म्हणजेही वारंवारता नव्हे. उज्जैनचा सिंहस्थ सुमारे १२ वर्षांनी, २००४ मागोमाग २०१६ मध्ये, ठरल्याप्रमाणे भरला, तरी त्याला हा शब्द लागू पडत नाही.

१८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या या शहरात, टावर चौकाच्या आसपास हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्याला हिंदीतील ‘अक्सर’ हा अधिक जवळचा प्रतिशब्द हाताशी असतो. त्याचा ‘अक्षर’शी संबंध नाही; ‘पुष्कळ’ अशा अर्थाच्या अरबी ‘कथीर’चे तुलनावाचक रूप ‘अक्थर’, म्हणजे ‘अधिक’, फारसीमार्गे हिंदीत आले. मराठी ‘वारंवार’ची कल्पना निराळी असून त्यातील ‘वार’ म्हणजे पाळी, आणि सोमवारातला ‘वार’ही तोच.

‘ऑफ’ आणि ‘टेन’ मिळून ‘दहा वेळा’ असा अर्थ झाला, ही व्युत्पत्ती केवळ स्पेलिंगने घडवलेली आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ऑफ्ट’ एवढाच होता आणि जर्मन भाषेत तो आजही तसाच आहे. शेवटचा ‘एन’ मध्ययुगीन इंग्रजीत जोडला गेला, तोही बहुधा ‘क्वचित’ अर्थाच्या ‘सेल्डन’च्या अनुकरणाने, म्हणजे शब्दाने आपली शेपटी विरुद्धार्थी शब्दाकडूनच उसनी घेतली.

‘टी’ उच्चारणे हे अडाणीपणाचे लक्षण, हा समजही इतिहासाला धरून नाही. तो मुळात उच्चारला जात होता. पुढे ‘लिसन’, ‘फासन’ यांच्याप्रमाणे तो गळाला, इतका की १८७९ च्या ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या संगीतिकेत ‘ऑर्फन’ (अनाथ) आणि ‘ऑफन’ यांच्या सारख्या उच्चारावर आख्खा विनोदी प्रसंग उभा राहिला. साक्षरता वाढून लोक लिहिलेले पाहून बोलू लागले तेव्हा तो परतला, आणि आजचे कोश दोन्ही उच्चार देतात. लिहावे तसे वाचण्याची सवय असलेल्या मराठी माणसाच्या तोंडी ‘ऑफ्टन’ येणे यात नवल नाही. ‘सॉफन’मध्ये मात्र हा ‘टी’ अजून परतलेला नाही.