चाकांवरचा आडोसा

अठराव्या शतकात इंग्रज माणूस समुद्रात उतरू लागला तो मौजेखातर नव्हे, औषध म्हणून. ग्रंथीच्या विकारांवर खाऱ्या पाण्याचा उपयोग सांगणारा डॉ. रिचर्ड रसेल यांचा लॅटिन ग्रंथ १७५० मध्ये निघाला आणि ब्रायटनला रोग्यांची रीघ लागली. पण कपडे उतरवायचे कुठे? त्याची सोय म्हणजे चाकांवरची लाकडी खोली. स्कारबरोच्या १७३६ च्या एका चित्रात ती आधीच दिसते.

कोरड्या वाळूवर पूर्ण पोशाखात आत शिरायचे. घोडा गाडी पाण्यात ओढून नेई, तेवढ्यात आत हिंदकळत कपडे बदलायचे. मग समुद्राकडचे दार उघडून पायऱ्यांनी थेट पाण्यात. मार्गेटच्या बेंजामिन बील यांनी या दारावर पाण्याला टेकणारे कापडी छत बसवले. म्हणजे समुद्रातच तंबू झाला! खाली कमरेभर पाण्यात दणकट बायका उभ्या असत. गिऱ्हाइकाला धरून बुचकळणे हे त्यांचे काम. ब्रायटनची मार्था गन तर त्या कामासाठी प्रसिद्धच होती. १७८९ मध्ये वेमथला तिसऱ्या जॉर्जने बुडी मारताच शेजारच्या गाडीतून वादकांनी राजगीत वाजवले, असे फॅनी बर्नी लिहिते. व्हिक्टोरिया राणीची ऑसबर्नची गाडी मधल्या काळात कोंबड्यांचे खुराडे झाली होती. आता डागडुजी करून जपली आहे.

या लाजाळूपणाला हसण्याची रीत आहे. मला ते हसू अर्धवट वाटते. पुरुष त्या काळी सर्रास उघडे पोहत. आडोसा खरा लागे तो बायकांना, आणि त्याशिवाय त्यांना समुद्र बंदच होता. आपल्या कोकणकिनाऱ्यावर आजही दोघी चादर धरून उभ्या राहतात, तिसरी कपडे बदलते. एकटीने आलेल्या बाईची मात्र पंचाईत.

फरक इतकाच, की चादरीला भाडे नसते. तिकडे गाडीला होते. १९०१ च्या सुमारास स्त्रीपुरुषांच्या वेगळ्या स्नानाची सक्ती सुटली, गाड्यांची चाके निघाली, त्यांच्या झोपड्या झाल्या. पट्ट्यापट्ट्यांचे कापडी तंबूही वाळूवर उभे राहिले. बोर्नमथने १९०९ मध्ये नगरपालिकेच्याच झोपड्या भाड्याने देऊ केल्या. तरी काही जण उतरल्या ठिकाणीच पोहण्याचे कपडे घालून, वर रेनकोट चढवून किनाऱ्यावर येत. अशा लोकांवर अनेक गावांची वक्रदृष्टी असे. अंग तर पुरते झाकलेले. मग बिनसले कुठे? तंबूचे भाडे बुडत होते.