मागचा डोंगर

रेडीत कोणाच्या घरी जुने फोटो मागितले की आधी लग्नाचा अल्बम पुढे येतो, मग भिंतीवरचे दिवंगत, आणि चहा संपत आला की माळ्यावरची पत्र्याची पेटी. मला हवं ते बहुतेक वेळा पेटीतच असतं. हललेले, कोणाचं अर्धं डोकं कापलं गेलेलं, उन्हात डोळे मिटलेले, म्हणून अल्बमात न लागलेले फोटो.

वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल खाडीच्या अलीकडे हे गाव. एका अंगाला समुद्र आणि यशवंतगड, दुसऱ्या अंगाला लोहखनिजाच्या खाणी. एक भाऊ रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आणि दुसरा डंपरवर, अशी घरं इथे आहेत, आणि त्यांच्या पेटीत दोन्ही कामं सरमिसळ पडलेली असतात.

फोटो हातात आला की फडक्याने पुसायचा मोह होतो, आणि घरची माणसं प्रेमाने पदर पुढे करतात. तिथे घाई करून थांबवावं लागतं. खनिजाची धूळ कठीण असते, घासली की ओरखडे उठतात. ती रबरी फुग्याने उडवायची, उरलेली मऊ ब्रशने. काचेला चिकटलेला फोटो तर ओढायचाच नाही. कोकणातल्या पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल धरून फुगतो आणि काचेला जो धरतो तो सोडत नाही. असा फोटो फ्रेमसकट अंगणात आणून, उजेड तिरका पडेल असा धरून, कॅमेऱ्याने टिपायचा. बाकीचे स्कॅनरवर. मागे नंबर टाकायचा तो मऊ पेन्सिलीने आणि कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला, नेमका कोणाच्या तरी गालावर उमटतो.

सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो बरेचदा लाल झालेले निघतात. त्यांतला निळसर रंग पेटीच्या अंधारातही आधी विरतो आणि लाली मागे राहते. ‘खाणीची माती लागली,’ असं एका आजींनी सांगितलं. मी वाद घातला नाही.

साल ठरवायला फोटोची पाठ जास्त उपयोगी. स्टुडिओच्या शिक्क्यात ‘जि. रत्नागिरी’ असेल तर फोटो बहुधा १९८१ च्या आधीचा, कारण त्या वर्षीच्या १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर शिक्का १९७२ च्या १५ ऑगस्टनंतरचा. पाकिटावर किंमत ‘न. पै.’मध्ये असेल तर १९५७ ते १९६४ यांच्या मधली. अर्थात स्टुडिओवाले जुना शिक्का झिजेपर्यंत वापरतात, त्यामुळे शिक्क्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही.

मग माणसांची ओळखपरेड. ‘ह्यो आमचो आजो.’ ‘आजो न्हय गो, आजयेचो भाव!’ यात दुपार जाते, आणि ती जाऊ द्यावी. नावं संपल्याशिवाय लोकांची नजर चेहऱ्यांवरून हलत नाही. ती हलली की मी विचारतो: मागचो डोंगर खंयचो?

खरं काम तिथून सुरू होतं. फोटो काढणाऱ्याला डोंगराचं काही नव्हतं, त्याला नवी सायकल नाहीतर बाळंतपणाला आलेली लेक दाखवायची होती. मागे जे आलं ते आपोआप आलं. खाण उघडी असते, डोंगर वरून पायऱ्या-पायऱ्यांनी कापत आणतात. त्यामुळे आज त्या अंगणात उभं राहून फोटो समोर धरला तर घर जुळतं, विहीर जुळते, आणि वरची रेघ जुळत नाही. खाणीच्या कचेरीसाठी काढलेल्या फोटोंत यंत्रं आहेत, हार घातलेले पाहुणे आहेत, नव्या शॉव्हेलसमोर ओळीने उभे साहेब आहेत. तासलेला उतार तिथे कामाची प्रगती म्हणून दिसतो, आणि पाट्या वाहणाऱ्या बाया कडेला, पुसट. मला ते फोटो फारसे आवडत नाहीत, पण तारखा नीट लिहिलेल्या असतात म्हणून ठेवून घेतो.

रेडीचा द्विभुज गणपती तर खाणीतच सापडला, १९७६ च्या एप्रिलमध्ये. तेव्हाची आठवण सांगताना लोक मूर्तीइतकंच भोवतालच्या खड्ड्याबद्दल बोलतात: कडा किती उंच होती, उतरायची वाट कुठून होती, नारळ ठेवायला जागा कशी केली. आज तिथे देऊळ आहे आणि भाविकांच्या गाड्या आहेत. त्या कडेचा अंदाज द्यायला आता बोलणं आणि फोटो एवढंच.

डोंगर ओळखण्यात मात्र दोन तट पडतात. खाणीत काम केलेले लोक उतारावरच्या वाटा सांगतात. डंपर कुठे वळायचा, तपासणीचा काटा कुठे होता, सुरुंग लावताना शिटी झाली की कुठे पळायचं. त्यांना डोंगर आतून माहीत आहे. समुद्रावर गेलेल्यांना तो बाहेरून माहीत. पाण्यात असताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून जागा ठरवायची, तर डोंगराचा माथा त्यातली एक. म्हणून फोटोतली नुसती धूसर रेघ बघून एक म्हातारे रापणकर म्हणाले, ‘ह्यो आमचोच, पण वरचो उंचवटो हंय होतो,’ आणि बोट फोटोच्या बाहेर, टेबलावर ठेवलं.

रापणीच्या एका फोटोवरून दोन भावांच्या एका घरात असाच वाद झाला. दोन्ही दोरांना वाडी लागलेली, पुढे पाट्या घेतलेल्या बाया, लांब क्षितिजावर एक जहाज. घरातल्या बायांनी ते बांगड्यांच्या हंगामातलं म्हटलं आणि जहाजाला बेधडक जपानी ठरवलं. डंपरवर असलेल्या धाकट्या भावाने जहाज सोडून मागच्या कड्यावरचा पांढरा ठिपका धरला: तिथे खाणीची टाकी होती, आणि ती बांधली तेव्हा तो कामाला लागला होता. रापणकर भाऊ म्हणाला, टाकी नव्हे, तो उघडा पडलेला दगड, समुद्रावरून रोज दिसायचा. माझ्या वहीत त्या फोटोपुढे टाकी आणि दगड दोन्ही लिहिले आहेत, कोणी सांगितलं तेही. स्कॅन मोठा करून दाखवला तेव्हा दोघांनीही आपलंच खरं झालं असं मानलं, आणि वहिनींनी विचारलं की जहाजही जरा मोठं करून दाखवता येईल का.