ग. दि. माडगूळकर यांचे पटकथालेखन

गजानन दिगंबर माडगूळकर ऊर्फ गदिमा (१ ऑक्टोबर १९१९ – १४ डिसेंबर १९७७) हे मराठी कवी, गीतकार, अभिनेते आणि पटकथाकार होते. 'गीतरामायणा'चे कवी म्हणून ते सर्वपरिचित असले, तरी चित्रपटांच्या कथा, पटकथा व संवाद यांचे लेखन हा त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग होता.

पूर्वायुष्य

गदिमांचा जन्म तत्कालीन औंध संस्थानातील शेटफळे (आता सांगली जिल्हा, आटपाडी तालुका) येथे झाला. गरिबीमुळे लहान वयातच अर्थार्जनासाठी ते कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत आले. मास्टर विनायक यांच्या 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली. वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणूनही त्यांनी काम केले.

मराठी चित्रपट

राजकमल कलामंदिराच्या 'रामजोशी' (१९४७) या चित्रपटाने लेखक म्हणून त्यांचे नाव प्रस्थापित केले. शाहिराच्या जीवनावरील या चित्रपटासाठी त्यांनी गीतेही लिहिली. पुढे दिग्दर्शक राजा परांजपे व संगीतकार सुधीर फडके यांच्यासह त्यांनी 'लाखाची गोष्ट' (१९५२), 'पेडगावचे शहाणे' (१९५२), 'जगाच्या पाठीवर' (१९६०) आदी चित्रपट केले. संवाद व गीते एकाच लेखणीतून उतरल्याने या चित्रपटांतील गाणी कथानकापासून वेगळी पडत नाहीत.

दो आँखें बारह हाथ

व्ही. शांताराम यांच्या या हिंदी चित्रपटाची (१९५७) कथा गदिमांची आहे. तिची प्रेरणा औंध संस्थानातीलच एका प्रयोगात होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तेथे बंद्यांना भिंतींआड न ठेवता शेती करू दिली जाई. चित्रपटात खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी एका तुरुंगाधिकाऱ्याच्या विश्वासावर ओसाड जमीन पिकवतात. शिक्षा की विश्वास, हा स्वतंत्रपूरमागील प्रश्न अशा रीतीने पडद्यावर आला. चित्रपटास राष्ट्रपती सुवर्णपदक व बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल (१९५८) मिळाले.

सन्मान

१९६९ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. १९७३ च्या यवतमाळ येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे निधन पुणे येथे झाले. लेखक व्यंकटेश माडगूळकर हे त्यांचे धाकटे बंधू होत.