‘डेरिंग-डू’ची जन्मकथा

बेधडक पराक्रमासाठी इंग्रजीत ‘डेरिंग-डू’ असा रुबाबदार शब्द आहे. खरं तर त्याचा जन्मच गैरसमजातून झाला. चौदाव्या शतकात जेफ्री चॉसरने ट्रॉयलस या योद्ध्याच्या वर्णनात ‘डरिंग डॉन’ लिहिलं, ते ‘करायला धजणं’ एवढ्याच साध्या अर्थाने. काय करायला, तर सरदाराला शोभेल ते. पुढच्या शतकात जॉन लिडगेटने ही शब्दजोडी उचलली. त्याचं काव्य सोळाव्या शतकात छापताना एक स्वर बदलला आणि ‘डेरिंग’ झालं. 1579 साली एडमंड स्पेन्सरने ‘शेफर्ड्स कॅलेंडर’मध्ये ते चक्क नाम म्हणून वापरलं, सोबतच्या टिपेत मर्दुमकी असा अर्थही दिला गेला. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ने तो पुन्हा चलनात आणला. आज तो शब्दकोशात आहे आणि ती जागा त्याच्या हक्काचीच आहे.