सशाचें अंथरूण

मुलांच्या हौसेखातर घरीं ससा आणावयाचा ठरला, म्हणजे पिंजरा कोणत्या रंगाचा असावा याची चर्चा घरोघर होते. परंतु त्या मुक्या प्राण्यास अहोरात्र ज्यावर बसावें लागतें, त्या अंथरुणाचा विचार फारच थोडे करतात. सशाच्या कित्येक दुखण्यांचें मूळ तेथेंच असल्यामुळें याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. पंचतंत्रांत सिंहास विहिरीपाशीं नेणारा शशक हा आपला रानससा. तो बीळ खणीत नाहीं. गवताच्या आडोशास राहतो, व त्याचीं पिल्लें अंगावर लव घेऊन उघड्या डोळ्यांनीं जन्मतात. खुराड्यांत पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील, बिळांत राहणारा. त्याचीं पिल्लें उघडीं व आंधळीं जन्मतात. डोळे सुमारें दहाव्या दिवशीं उघडतात. मादी सुमारें ३१ दिवसांनीं प्रसवते. तत्पूर्वीं ती तोंडांत गवत धरून कोपऱ्यांत नेते, आणि स्वतःच्या अंगावरील लोकर उपटून त्यावर पसरते. अंथरूण कसें करावें, हें या प्राण्यास माणसानें शिकवावयास नको. साहित्य तेवढें योग्य पुरवावें.

योग्य म्हणजे मऊ, अशी बहुतेकांची समजूत असते. आमच्या मतें पहिला मान कोरडेपणाचा. सशाच्या तळपायास कुत्र्यामांजराप्रमाणें गादी नसते, नुसती लव असते. तारेच्या जाळीवर किंवा ओल्या जागीं सतत बसल्यानें ती झिजते व मागच्या पायांच्या टाचांशीं जखमा होतात. शिवाय मूत्र कुजलें म्हणजे अमोनिया वायु सुटतो. ससा निजतो तो जमिनीला नाक लावून; आपणांस दुर्गंध येण्यापूर्वींच त्याचे डोळे व श्वासनलिका चुरचुरूं लागतात.

दुसरें असें कीं, जें अंथरावें तें ससा खाणार, हें धरूनच चालावें. आणि त्यास ओकारी होत नाहीं. गोणपाटाचे दोरे किंवा जुन्या दुलईंतील कापूस पोटांत अडकतो. मांजरांसाठीं मिळणारी, भिजतांच गोळा होणारी माती आंतड्यांत फुगते. वखारींतील बारीक भुसा नाकांत जातो. चीड-देवदारांच्या ताज्या सालींचा सुवास आपणांस प्रिय, पण त्यांतील तैलद्रव्यें सशाच्या यकृतास बाधक.

तेव्हां खालीं वर्तमानपत्राचा साधा कागद चार-पांच पदरी घालावा (चकचकीत रंगीत पानें नकोत), व त्यावर चार बोटें जाड गव्हाचें काड किंवा भाताचा पेंढा. काडानें ओल फारशी शोषली जात नाहीं. ती खालीं कागदांत उतरते व वरचा थर कोरडा राहतो. ससा बहुधा एकाच कोपऱ्यांत घाण करतो. तेथें एक पसरट तबक ठेवून तें रोज साफ केलें, तर बाकीचें अंथरूण आठवडाभर टिकतें. तबकास धरणारे पांढरे चट्टे मूत्रांतील चुन्याचे असतात; व्हिनेगरनें ते सुटतात. खाण्याचें वाळलेलें गवत मात्र वेगळें व रोज ताजें द्यावें.

विलायती पुस्तकांत थंडींत काड वाढविण्याचा उपदेश असतो. आपल्याकडे खरी चिंता पावसाळ्याची. पेंढा मृगापूर्वीं भरून फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावा. काळे ठिपके किंवा कुबट वास आल्यास, तो कितीही महाग मिळालेला असो, टाकून द्यावा. सर्वांत भय माशांचें. ओल्या, मळलेल्या लवेवर त्या अंडीं घालतात. एका दिवसाच्या आंतच अळ्या होऊन त्या जिवंत मांसांत शिरतात. म्हणून या दिवसांत अंथरूण आठवड्यांतून दोनदां बदलावें, व सकाळ-संध्याकाळ सशाचा मागील भाग उलटून पाहावा. एकही अळी दिसली तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां, आणि रात्र असली तरी उजाडण्याची वाट न पाहतां, त्यास पशुवैद्याकडे न्यावें.