कॅमेरा कोणाच्या बाजूनं हसतो?

मागच्या वेळी आपण आंरी बर्गसाँच्या हास्यमीमांसेपाशी थांबलो होतो. १९०० साली आलेल्या त्याच्या छोट्याशा पुस्तकातला मुख्य मुद्दा तुम्हाला आठवत असेल. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं. त्याला जोडून दुसरी एक अट आहे: हसताना आपलं काळीज थोडा वेळ बधिर व्हावं लागतं. कणव आली की हसू गेलं. आज ही दुसरी अट मी दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकांना लावून बघणार आहे. काळीज बधिर करण्याचं काम करतं कोण? लेखक आणि नट, असं आपण धरूनच चालतो. माझं म्हणणं असं की त्यातलं बरंच काम कॅमेरा करतो, आणि ती बधिरता उतरवण्याचं कामही पुष्कळदा त्याच्याचकडे असतं.

सुरुवात जुन्यापासून करू. ‘आय लव्ह लूसी’ ही अमेरिकी मालिका १९५१ साली सुरू झाली. तिचा छायालेखक कार्ल फ्रॉइंड. हा गृहस्थ कोण? मूर्नाऊचा ‘द लास्ट लाफ’, फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ अशा जर्मन मूकपटांचं छायालेखन करणाऱ्यांपैकी एक. अंधार आणि सावली यांच्याकडून माणसाचं मन वदवून घेण्यात मुरलेला माणूस. आणि त्यानं इथं काय केलं? सावल्याच काढून टाकल्या!

त्याला कारण होतं. समोर खरेखुरे प्रेक्षक बसलेले, आणि फिल्मचे तीन कॅमेरे एकाच वेळी चालू. एक सबंध खोली दाखवणार, बाकीचे जवळून. प्रत्येक कोनासाठी थांबून दिवे हलवायचे म्हटलं तर प्रेक्षकांचा हशा विरून जाणार. तेव्हा दिवे बहुतेक वरूनच टांगायचे आणि प्रकाश सगळीकडे सारखा पाडायचा. अडचणीतून निघालेली ही युक्ती, पण तिनं पुढच्या कितीतरी विनोदी मालिकांचा स्वभाव ठरवून टाकला. त्या लख्ख दिवाणखान्यात कोपरा नाही, लपायला जागा नाही. अशा उजेडात कोणाचं काही कायमचं बिघडणार नाही, हे आपल्याला कोणी न सांगता कळतं.

१९५२ सालच्या एका भागात लूसी आणि एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येतात, ती कागदात गुंडाळायची. पट्टा वेग घेतो. मग चॉकलेटं तोंडात, टोपीत, कपड्यांत! बर्गसाँनं हे बघितलं असतं तर त्याला दुसरं उदाहरण शोधावं लागलं नसतं. पण कॅमेरा कुठं आहे ते बघा. तो समोर आहे, थोडा लांब. पट्टा, दोघींचे हात आणि दोघींचे चेहरे एकाच चौकटीत. आता कल्पना करा, इथं फक्त लूसीचे डोळे पडदाभर दाखवले असते तर? एकही चॉकलेट तसंच पुढं गेलं तर नोकरी जाईल, अशी तंबी या बायकांना मिळालेली आहे. डोळे जवळून दिसले असते तर तीच गोष्ट एका घाबरलेल्या कामगार बाईची झाली असती. कथा तीच, नटी तीच. फरक फक्त अंतराचा.

आता पन्नास वर्षं पुढं येऊ. ‘द ऑफिस’, बीबीसी, २००१. (अमेरिकी आवृत्ती २००५ ची, मी मूळ इंग्रजीबद्दल बोलतोय.) स्लाव गावातली कागदाची कंपनी, तिथं कोणी माहितीपट काढतंय अशी कल्पना. प्रेक्षकांचा हशा नाही. नळकांडी दिव्यांचा करडा उजेड, हलता कॅमेरा, आणि मधेच उगाच फोटोकॉपीचं यंत्र. कागद सरकतो आहे, सरकतो आहे, बस्स. कंटाळा हे या मालिकेतलं एक पात्रच आहे म्हणा ना. भरतानं हास्याचे सहा प्रकार सांगितले, स्मितापासून अतिहसितापर्यंत. लूसी आपल्याला थेट अतिहसितापर्यंत नेते, ही मालिका स्मितावरच रोखून धरते. आणि ते स्मितसुद्धा अवघडलेलं.

ते अवघडलेपण येतं कुठून? इथं सार्त्र उपयोगी पडतो. किल्लीच्या भोकातून आत बघणारा माणूस आहे. पावलं वाजतात, आणि एकदम त्याला जाणवतं की आपल्यालाही कोणीतरी बघतंय. लाज तिथं जन्मते. डेव्हिड ब्रेंट हा साहेब, म्हणजे रिकी जर्व्हेस, विनोद करून झाला की हळूच कॅमेऱ्याकडे बघतो. आपण कसे दिसलो, हे तपासतो. त्याच्या स्वभावाचं सगळं वर्णन त्या एका नजरेत आहे. टिमही कॅमेऱ्याकडे बघतो, पण तो आपल्याला साक्षीदार करतो: बघताय ना हे? नजर एकच. एकात भूक आहे, दुसऱ्यात सुटका. आणि कॅमेरा जेव्हा काचेआडून, पडद्यांच्या पट्ट्यांमधून बघतो, तेव्हा किल्लीच्या भोकापाशी आपण असतो.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी टिम डॉनला मनातलं सांगायला उठतो. सांगण्याआधी अंगावरचा मायक्रोफोन काढून ठेवतो! आपण काचेपलीकडून बघतो. ओठ हलतात, आवाज नाही. परत येऊन तो मायक्रोफोन लावतो आणि ती नाही म्हणाली एवढंच सांगतो. या प्रसंगात बर्गसाँची अट मोडते असं मला वाटतं. आपल्याला बाहेर ठेवलं, म्हणूनच आपण आत शिरलो.

याच्या पुढची पायरी ‘फ्लीबॅग’, २०१६ आणि २०१९. फीबी वॉलर-ब्रिज समोरच्याशी बोलता बोलता मान वळवून आपल्याशी बोलते. आपल्याला हे नवं नाही. संस्कृत नाटकात जनान्तिक आहे, त्रिपताक हात आडवा धरला की बाकीच्या पात्रांना ऐकू येत नाही असं समजायचं. तमाशातला सोंगाड्याही तेच करतो. पण तिथं तो संकेत कोणी मोडत नाही. इथं दुसऱ्या पर्वात एक पाद्री येतो, आणि तिची नजर मधेच कुठंतरी जाते हे त्याच्या लक्षात येतं. तोवर आपण समजत होतो की ती आपल्याशी मैत्री करतेय. आता कळतं की ती समोरच्या माणसापासून पळून आपल्याकडे येत होती. शेवटच्या दृश्यात ती कॅमेऱ्याकडे बघून मान हलवते, येऊ नका म्हणून, आणि चालत निघून जाते. कॅमेरा जागेवरच राहतो.

एक चिठ्ठी आली आहे: ‘एवढं सगळं बघत बसलो तर हसू मरणार नाही का?’ एकदा पाहून मनसोक्त हसून घ्या. मग तोच भाग आवाज बंद करून लावा. चॉकलेटचा प्रसंग जसाच्या तसा कळेल. ‘द ऑफिस’मधला एकही विनोद कळणार नाही, पण साहेब कोण, कंटाळलंय कोण, आणि कोणाचं कोणावर प्रेम आहे, हे दहा मिनिटांत ध्यानात येईल. पुढच्या वेळी आवाजाकडे वळू, ध्वनिमुद्रित हशापासून सुरुवात करू.