पाठीवरचे किलो, खिशातले ग्रॅम

आसनगावला लोकलमधून सॅक उतरली की तिचा मालक नवा की मुरलेला, ते लांबूनच कळतं. नव्याच्या सॅकला बाहेरून मॅट, मग, चपला, टॉर्च असा सगळा बाजार लटकत असतो. मुरलेल्याची सॅक बघून वाटावं, हा ऑफिसला निघालाय. पुढे माहुली गडाच्या चढावर कोण किती वेळा टेकतो, हे वेगळं सांगायला नको. तर शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतल्या या काही वजनदार आणि काही बिनवजनी गोष्टी.

सगळ्यात जड काय? पाणी!

एक लिटर म्हणजे एक किलो, यात कुठलीही कंपनी सूट देत नाही. महागडा टायटॅनियमचा मग घेऊन पन्नास-साठ ग्रॅम वाचवणारा भिडू मार्चनंतर माहुलीला निघाला, तर तीन-चार लिटर त्याला उचलावंच लागतं. आणि हे कुठे, तर शहापूर तालुक्यात! मुंबईला पाणी पाजणारं तानसा धरण १८९२ सालचं. भातसाही इथलंच, मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा उचलणारं. त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. तेव्हा एप्रिल-मेमध्ये पायथ्याच्या घरी ‘मावशी, बाटल्या भरून द्या ना’ म्हणण्याआधी हंडा कुठून आला, याचा विचार करावा. पाणी घरूनच आणलेलं बरं.

ओआरएसच्या पुडीचं वजन मात्र जेमतेम २१ ग्रॅम. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं असंच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं २०२३ मध्ये. पुडी मोठी असेल तर ती अख्खी एक लिटर पाण्यातच घालायची. चवीसाठी थोडीथोडी टाकायचं ते सरबत नव्हे.

पायातला एक किलो पाठीवर पाच

बुटांच्या वजनाला पाठीवरच्या वजनापेक्षा साधारण चार ते सहा पट जास्त ताकद लागते, असं अमेरिकी लष्कराच्या संशोधनात दिसून आलं. म्हणून दुकानात दिसणारे घोट्यापर्यंतचे भारदस्त बूट सह्याद्रीत फारसे कामाचे नाहीत. ओढ्यात एकदा भिजले की दिवसभर पाणी वाहायचं. इथले जुने ट्रेकर वर्षानुवर्षं ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’च्या बुटांवर भागवत आले, कारण कातळावर पकड मिळाली की बाकी रुबाबाचं काय करायचंय? आणि जीन्स घालून पावसाळी ट्रेकला येणाऱ्याला दंड ठेवायला हवा. सुती कापड पाणी धरून ठेवतं, मांड्या सोलवटतं आणि संध्याकाळच्या वाऱ्यात हुडहुडी भरवतं.

आजीबाईंची झोळी

एमा गेटवूड या अमेरिकन बाई ११ मुलांची आई. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी त्या अ‍ॅपलाशियन ट्रेलवर एकट्या निघाल्या आणि ३,३०० किलोमीटरच्या आसपास चालून आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली झोळी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. हलक्या सामानाचा धर्म सांगणारे आज त्यांना आद्यगुरू मानतात. आपल्याकडे भातलावणीला पानांचं इरलं घेणारी, आता प्लॅस्टिकची खोळ पांघरणारी बाई दिवसभर वाकून काम करते. तिला मात्र कुणी गुरू म्हणत नाही.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला घोंगड्यांचा बाजार भरतो. घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, पण सॅकेत घालून पाहा, दोन-तीन किलो सहज! हलकेपणात ती नापास.

पाऊस खालून येतो तेव्हा

नाणेघाटात पावसाळ्यात वारा असा उसळतो की धबधबा उलटा वर उडतो. तिथे पाँचो डोक्यावर नाही, तोंडावर येतो. सॅकचं रंगीत कव्हरही फुगून निघून जातं. त्यावर उपाय स्वस्त आहे : कचऱ्याची मोठी काळी पिशवी सॅकच्या आतून लावायची आणि सामान तिच्यात भरायचं. दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटातून बैलांच्या पाठीवर माल जुन्नरला चढायचा. वर पोचल्यावर जकात भरायची ती वेगळीच, तिचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून जागेवर आहे.

ढोरवाट ओळखायची कशी?

या भागात माणसं पडण्याआधी बहुतेकदा चुकतात. पाऊस सरला की गवत आणि कारवी पुरुषभर वाढते आणि गोरखगडाच्या किंवा आजोबा डोंगराच्या पायथ्याला एका वाटेच्या पाच वाटा होतात. त्यातल्या चार गुरांच्या. खूण अशी : माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात, जुने काप काळे पडलेले दिसतात. ढोरवाटेवर पायाखाली रस्ता मोकळा, पण कमरेच्या वर फांद्या थेट तोंडावर. दहा पावलं सलग वाकून चालावं लागलं की थांबा, मागे फिरा, शेवटचा काप शोधा.

तरीही चुकलात तर शिट्टी. वजन बोटभर. मिनिटाला सहा वेळा फुंकायची, मग मिनिटभर गप्प. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. फोनला रेंज असेल तर ११२, आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो.

बेलपाड्याहून नळीच्या वाटेने कोकणकड्याकडे निघालात तर हेल्मेट हवंच, ते पाव-अर्ध्या किलोचं ओझं तिथे सार्थकी लागतं. वरच्याच्या पायाखालचा धोंडा खालच्याला पत्ता विचारत नाही. अत्तर, डिओ मात्र घरी ठेवा, कड्यावरच्या आग्या मोहोळांना वास खपत नाही. आणि साप चावला तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नाही. माणसाला न चालवता सरळ दवाखाना गाठायचा.

शेवटची वस्तू बिनवजनाची. चढायला लागण्याआधी पायथ्याच्या घरात जेवण सांगून ठेवा : ‘ताई, आठ जण आहोत, चारपर्यंत उतरतो, पिठलं-भाकरी करून ठेवा.’ साडेपाच वाजले आणि आठ जणांच्या भाकऱ्या टोपलीत तशाच राहिल्या, की घरातलं कुणीतरी बॅटरी घेऊन वाटेला लागतं.